गोड्या कांदळाचं मीठ

पालकमंत्र्यांनी पेला तोंडाला लावायच्या आधी सचिवाकडे पाहिलं. सचिवाने डॉक्टर लोहोकरेंकडे पाहिलं. लोहोकरेंनी मान डोलावली, मग सचिवाने डोलावली, आणि मगच मंत्र्यांनी दोन घोट घेतले. जे पाणी खारकुंडीची पोरंसोरं गेला आठवडाभर ढोसत होती, ते एका माणसाच्या घशाखाली उतरायला एवढा लवाजमा लागतो हे पाहून सरपंच वैजयंती भोईर हिला हसू फुटलं. तिने ते लपवलं नाही. लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"गोड आहे!" मंत्री माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

"पानी हाय, सरबत नाय," वैजयंती शेजारच्या बाईला म्हणाली. माइकने तेही ऐकलं आणि गावाला ऐकवलं.

मंत्र्यांनी मग भाषणात सांगितलं की हे पाणी देणारं गोड्या कांदळाचं झाड म्हणजे कोकणाच्या किनाऱ्याला मिळालेला नळ आहे. दुप्पट झाडं, दुप्पट पाणी, चौपट विकास. डॉक्टर लोहोकरे खाली मान घालून ऐकत होते. झाड त्यांनी घडवलं होतं आणि ते नळ नाही हे त्यांना त्या मांडवात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्या गळ्यात हार होता, आणि हार घातलेल्या माणसाने मंत्र्यांची चूक काढायची नसते.

खारकुंडी तिन्ही बाजूंनी खाडीने वेढलेली. विहिरींचं पाणी होळीपर्यंत मचूळ होई आणि त्यानंतर गुरंही त्याला तोंड लावत नसत. मग टँकर. टँकरसाठी तालुक्याला जायचं, तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि शेवटी शिपाई सांगणार, साहेब दौऱ्यावर आहेत. वैजयंती सरपंच झाली ती या एका गोष्टीच्या चिडीवर. तिने तालुक्याच्या साहेबाच्या टेबलावर विहिरीच्या पाण्याचा चहा करून नेऊन ठेवला होता आणि तो प्याल्याशिवाय उठू दिलं नव्हतं. गाव तिच्या या शौर्याच्या गोष्टी सांगे. तिच्या जिभेला घाबरून तिच्याशी बोलायचं मात्र टाळी.

लोहोकरे पहिल्यांदा आले तेव्हा शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली होती. चाळिशीचा, हडकुळा, गोड बोलणारा माणूस. हातात झाकण लावलेली प्लास्टिकची बादली.

"कांदळाचं झाड खाऱ्या पाण्यात उभं असतं, पण आतून खारं नसतं," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "त्याची मुळं गाळणीसारखी असतात. मीठ बाहेर अडवतात आणि गोडं पाणी तेवढं वर घेतात. ते पाणी पुढे पानांतून वाफ होऊन उडून जातं. आम्ही झाडाच्या जनुकांत एकच बदल केला. त्यातलं थोडं पाणी उडण्याआधी खोडावरच्या गाठींतून पाझरावं, बस. गाठीला वाटी लावायची, वाटीला नळी. पण हे पाणी बाहेर ढकलायला झाडाला स्वतःची साखर खर्चावी लागते. म्हणून किती मागायचं याला मर्यादा आहे."

"आणि मुळांनी अडवलेलं मीठ कुठं जातं?" वैजयंतीने विचारलं.

लोहोकरेंचा चेहरा खुलला. "कुठेच जात नाही. मुळांपाशी चिखलात साचतं. रोज."

"मग झाड मरत कसं नाय?"

त्यांनी बादलीत हात घालून एक लहानसा खेकडा काढला. तो नांग्या उगारून हवेत भांडत होता. "याच्यामुळे. हे चिखलात बिळं करतात. एकेका झाडाखाली शेकडो. भरतीचं पाणी त्या बिळांत शिरतं, साचलेलं मीठ विरघळवतं आणि ओहोटीला घेऊन जातं. खेकडा जगतो झाडाच्या गळलेल्या पानांवर. झाडाकडून जास्त पाणी ओढलं, तर झाड उपाशी राहतं, पानं कमी गळतात, खेकडे निघून जातात, बिळं बुजतात. मग मीठ तिथेच राहतं. हा तुमच्या पाणीपुरवठा खात्याचा सगळ्यांत महत्त्वाचा माणूस समजा."

"मंग त्याला पगार चालू करा!" मागून कुणीतरी ओरडलं. पडवी हसली. लोहोकरेही हसले, जरुरीपेक्षा जास्त. आपल्याच शास्त्राची कुणी टिंगल केली की तिच्यात सामील होणारा हा माणूस आहे, हे वैजयंतीने तेव्हाच हेरलं. तरी झाड खरं होतं, आणि गावाला पाणी हवं होतं.

नियम तीनच ठरले. झाडात जेवढं पाणी चढतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायचं नाही. पावसाचे चार महिने वाट्या काढून ठेवायच्या. आणि गोड्या कांदळाच्या बनात खेकडे धरायचे नाहीत.

गावाबाहेर खाडीच्या कडेने मातीचा जुना बांध होता. समुद्र त्याच्या पलीकडे, भाताची खाचरं आणि घरं अलीकडे. त्या बांधाच्या पायथ्याशी, समुद्राच्या बाजूने, बन लावलं गेलं. चौथ्या वर्षी झाडं पाणी देऊ लागली आणि मंत्री येऊन पिऊन गेले. पुढची दोन वर्षं खारकुंडीत टँकर आला नाही. बायका सकाळी दारात नळाखाली भांडी घासायच्या आणि ओसरीवर निवांत बसायच्या. लोहोकरे महिन्यातून एकदा येत, वैजयंतीच्याच घरी उतरत. तिचा नवरा नरेश, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा अबोल माणूस, त्यांना खाडीत जाळं टाकून पागायला घेऊन जाई. लोहोकरे तिला ताई म्हणू लागले होते. तिला ते आवडत होतं, आणि आपल्याला हे आवडतंय याचा तिला रागही येत होता.

मग किरणशेठ म्हात्रे आले.

किरणशेठचं रिसॉर्ट गावामागच्या टेकडीवर होतं. वैजयंतीची मुलगी रिद्धी तिथेच हिशेब बघायची आणि शेठच्या मुलाशी, ईशानशी, तिचं लग्न झालं होतं. एका संध्याकाळी शेठ ओसरीवर येऊन बसले.

"विहीणबाई, बनातून आपल्याकडे पण एक लाइन द्या."

"तुमची बोअर हाय ना?"

"बोअरचं पानी पोहायच्या तलावाला चालत नाय. फरशी पांढरी पडते."

"आमच्या बायकांचे केस पांढरे पडले तवा कुनाला दिसले नाय. नियम हाय शेठ. तिसरा हिस्सा. तो गावाला लागतो."

शेठ हसले. "मी डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, दोन हिस्से ओढले तरी तत्त्वतः शक्य आहे."

वैजयंतीने लोहोकरेंना फोन लावला. लोहोकरे म्हणाले, "ताई, तत्त्वतः म्हणजे... प्रयोगशाळेत, थोड्या दिवसांसाठी. मी त्यांना तसं म्हणालो होतो. बहुतेक म्हणालो होतो."

ग्रामसभेत किरणशेठने देवळाला सभामंडप बांधून द्यायचं कबूल केलं. झालं. ज्या हातांनी वीस वर्षं हंडे वाहिले, ते हात टेकडीवरच्या पाहुण्यांच्या पोहण्यासाठी भराभर वर झाले. वैजयंती व्यासपीठावरून त्या हातांकडे बघत होती. एका सभामंडपाला विकले जाणारे लोक, तिच्या मनात आलं. पहिल्या रांगेत रिद्धी सासरच्या माणसांत बसली होती, हिरवा चुडा सावरत. तिने आईकडे पाहिलं. वैजयंतीने आपला हात वर केला. सभामंडपसुद्धा न मागता.

वाट्यांच्या जागी ओढपंप आले. पावसाळ्यातली विश्रांती आधी निम्मी झाली, मग गेली. रिसॉर्टच्या पाहुण्यांना 'गोड्या बनातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा' हवा होता, म्हणून गावातली पोरं बनात शिरून चिंबोऱ्या धरू लागली, आणि चिंबोऱ्यांबरोबर छोटे खेकडेही गळाला आमिष म्हणून गेले. वैजयंती चौकात उभी राहून शिव्या देई. लोक ऐकत, हसत आणि जात. तिच्या शिव्या गावाला देवळाच्या घंटेइतक्या सवयीच्या झाल्या होत्या.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, शिमगा नुकताच झाला होता, ती बांधावरून चालली असताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ओहोटीच्या वेळी चिखल नेहमी कुजबुजत असतो. बिळांत शिरणारे खेकडे, फुटणारे बुडबुडे, हजार बारीक आवाज. आज चिखल गप्प होता. ती खाली उतरली. पायाखाली चिखल रुतला नाही, पापडासारखा मोडला. वर पांढरी खपली होती. तिने बोट लावून चाटलं आणि थुंकली.

लोहोकरे दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी चिखलात नळी खुपसून मीठ मोजलं, तीन ठिकाणी, आणि तीनही वेळा यंत्राकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"अंदाज होता."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीच्या सुमारास वाढ दिसली होती. अहवालात लिहिलंय मी, ताई. परिशिष्टात."

"परिशिष्टात," ती म्हणाली. "घराला आग लागली तर तुम्ही पत्र पाठवून कळवाल."

लोहोकरेंनी ते गिळलं. मग मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तेवढ्यापुरतं बरं सांगितलं. ओढणं आजच्या आज पूर्ण थांबवायला हवं. खेकडे परत येईपर्यंत त्यांचं काम माणसांनी करायचं. बनात माशाच्या काट्यासारखे चर खणायचे, मधे मोठा, दोन्ही बाजूंना लहान, म्हणजे भरती आत शिरून मीठ धुऊन नेईल. हे झालं नाही तर पावसापर्यंत बन मरेल. आणि मेलेलं बन लाटा अडवत नाही. मागे उरेल नुसता मातीचा बांध.

"हे सगळं असंच ग्रामसभेत सांगा," ती म्हणाली. "माझं कुनी ऐकत नाय. तुमचं ऐकतील."

"सांगतो ना. नक्की."

ग्रामसभा भरली. किरणशेठ पुढे बसले होते आणि त्यांच्या शेजारी मंत्र्यांचा तोच सचिव होता. लोहोकरे उभे राहिले, चष्मा पुसला. म्हणाले, क्षारतेत काही प्रमाणात वाढ आढळली आहे. म्हणाले, तिची कारणं अनेक असू शकतात. सचिवाने विचारलं, "म्हणजे पाणी ताबडतोब बंद करायची गरज आहे, असं आपलं ठाम मत आहे का?"

लोहोकरेंनी वैजयंतीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"ठाम म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे."

वैजयंती उठली. तिने त्यांना काय काय म्हटलं ते गावाने नंतर महिनाभर चवीने सांगितलं. मग ती गावावर घसरली. सभामंडपाला विकले गेलेले, टेकडीवरच्या उष्ट्यावर जगणारे, खेकड्याएवढी अक्कल नसलेले. लोक एकेक करून उठून गेले. पाणी ओढणं थांबवायचा ठराव मताला आलाच नाही.

घरी नरेश भाकरी कुस्करत बसला होता. असाच आहे हा, तिने मनात म्हटलं, लाकडाचा ओंडका.

"बोल की काहीतरी," ती ओरडली.

"तू खरं बोललीस," नरेश म्हणाला. "पन असं बोललीस की कुनाला ते खरं वाटून घ्यावंसं वाटू नये. त्या लोहोकऱ्याला भीती वाटते. तुला किळस वाटते. दोघांचा उपेग सारखाच."

पंचवीस वर्षांत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. ती उठली आणि कोयता घेतला.

दुपारची वेळ होती. पंपावरचा माणूस म्हणाला, शेठना विचारतो. तिने त्याला विचारू दिलं. तोवर ती बनात उतरून पूर्वेच्या टोकापासून एकेक नळी तोडत सुटली होती. नरेश मागून आला, तो घमेलं आणि फावडं घेऊन. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तो वाकला आणि खणायला लागला. संध्याकाळपर्यंत पूर्वेच्या निम्म्या बनात एकही नळी धड राहिली नव्हती. पश्चिमेच्या बाजूची मुख्य लाइन तिने तोडली आणि मग तिचे हात चालेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी खारकुंडीचे नळ कोरडे होते. एप्रिलचं ऊन, टँकर नाही. टँकर पाठवायची सवयच तालुका विसरला होता. बायका वैजयंतीच्या दारात येऊन रिकामे हंडे आपटून गेल्या. शेजारच्या म्हातारीने तळतळाट दिला. वैजयंतीने दार उघडं ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

रिद्धीचा फोन आला. "आई, इथे पाहुणे सामान बांधून निघालेत. मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. ईशान म्हणतो, तुझ्या आईला विचार, तुझा संसार मोडायचाय का तिला."

"बाळा, बन मरतंय."

"तुला बन दिसतं, खेकडे दिसतात. तुला माणसं कधी दिसली, सांग ना? सगळे मूर्ख, सगळे विकलेले. मी पण विकलेलीच ना?"

वैजयंती म्हणाली, "त्या दिवशी हात मी पण वर केला होता, रिद्धी." पण तोवर फोन बंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरून पाण्याची एक छोटी गाडी आली. बोअरच्या पाण्याची, रिद्धीने पाठवलेली, फक्त आईच्या दारात उतरवायची. वैजयंतीने गाडी आळीच्या तोंडाशी उभी करायला लावली. तिला शिव्या देणाऱ्या बायकांनी तिच्या लेकीचं पाणी मुकाट्याने भरून नेलं. भरताना एक जण म्हणाली, "बघा, स्वतःची सोय बरोबर केली हिनं." वैजयंती ओट्यावर बसून होती. पुढे होऊन त्या बाईचा हंडा लाथेने उलथा करावा असं तिला फार वाटलं. ती बसून राहिली.

आठवड्यात टँकर सुरू झाले. पंधरवड्यात ग्रामसभेत तिच्यावर अविश्वासाचा ठराव आला आणि तिच्या बाजूने तिचं स्वतःचं आणि नरेशचं मत पडलं. आणखी दोन मतं पडली, ती कुणाची हे कळलं नाही. किरणशेठचा पुतण्या प्रथमेश सरपंच झाला. त्याने पहिलं काम केलं ते पश्चिमेची लाइन जोडण्याचं. पूर्वेची जोडणं खर्चाचं होतं, म्हणून ती राहिली.

वैजयंती आणि नरेश रोज ओहोटीला पूर्वेकडे जाऊन चर खणत राहिले. लोकांनी नाव ठेवलं, खेकडा-खेकडी. मे महिन्यात भरतीचं पाणी पहिल्यांदा मधल्या चरातून बाजूच्या चरांत गेलं आणि ओहोटीला गढूळ होऊन परतलं. वैजयंतीने ते ओंजळीत घेऊन चाखलं. कडवट, खारट, घाणेरडं. "निघतंय," ती म्हणाली. नरेशने मान हलवली. तेवढ्यावर त्या दिवसाचं बोलणं संपलं.

आषाढी अमावास्येच्या भरतीला वारा धरला. सकाळची वेळ होती, आकाश शिसवी झालेलं. पश्चिमेकडची झाडं उभी होती पण त्यांच्यावर पान नव्हतं. लाटा त्यांच्यातून अशा आल्या जशा रिकाम्या घरातून येतात. बांध आधी पाझरला, मग बसला, मग समुद्र खाचरांत शिरला. डझनभर घरांत कमरेएवढं पाणी झालं. माणूस एकही गेला नाही, गुरं गेली. लावणीला तयार असलेली भाताची रोपं काळी पडली, आणि विहिरींत जो मचूळपणा होळीला यायचा तो भर पावसात आला. पूर्वेकडचा बांध राहिला. वैजयंतीचं स्वतःचं खाचर पश्चिमेला होतं. ते गेलं. टेकडीवरचं रिसॉर्ट टेकडीवरच होतं. तिथून दृश्य चांगलं दिसत होतं, असं म्हणतात.

मंत्री हेलिकॉप्टरने आले. डॉक्टर लोहोकरेंची मुलाखत झाली. स्थानिक पातळीवर व्यवस्थापनात त्रुटी राहिल्या, असं ते म्हणाले, आणि नव्या वाणाला मीठ अधिक सोसवेल, असंही म्हणाले. मुलाखत संपल्यावर त्यांनी वैजयंतीला फोन केला. तिने उचलला.

"ताई, पूर्वेकडचं बन राहिलं ना? मला फार बरं वाटलं."

"परिशिष्टात लिहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाऊस सरता सरता एका सकाळी ती चरातला गाळ उपसत होती. बांधावर माणसं येऊन उभी राहिली. वीस-पंचवीस जण, खांद्यावर फावडी. पुढे प्रथमेश सरपंच. त्याच्या मागे तळतळाट देणारी म्हातारी, हंडे आपटणाऱ्या बायका. शेवटी, जरा लांब, रिद्धी एकटी उभी होती. ती खाली उतरली नाही आणि परतही गेली नाही.

"पश्चिमेला पन चर खनायचे म्हनतो," प्रथमेश म्हणाला. त्याच्या आवाजात माफी नव्हती. उलट, कुणीतरी त्याचा वेळ फुकट घालवत असल्यासारखी कुरकुर होती. "आता तुमीच करून ठेवलंय तर दाखवा कुठून सुरू करायचं ते. आमाला काय माहीत."

"आमाला काय माहीत," म्हातारीनेही री ओढली. "आमचं नशीबच फुटकं."

नरेश चरात उभा राहून बायकोकडे बघत होता. वैजयंतीने एकेकाचा चेहरा पाहिला. प्रत्येकासाठी तिच्यापाशी एकेक शब्द तयार होता, नेमका, धारदार, आयुष्यभर लक्षात राहील असा. तिच्या तोंडात थुंकी जमली.

तिने ती गिळली. फावडं काखेत मारलं, चिखलाचा हात वर करून उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, बाजूची सखल जागा दाखवली, जिथून भरती आधी आत येते.

"तिथून," ती म्हणाली. "चपला काढून उतरा."